आजच्यापुरती भाकर

दहिवली, कर्जत
११ जुलै २०२५

चि. बाळीस,


तुझं पत्र सोमवारी पोचलं. फोनवर तू नुसतं "बरं चाललंय" म्हणतेस, त्यामुळे पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं तेव्हाच काळजात धस्स झालं. एकदा घाईघाईनं वाचलं, मग दार लावून घेतलं आणि पुन्हा सावकाश वाचलं. चार दिवस उत्तर लिहायला बसते आहे आणि पहिल्या ओळीपाशीच अडते आहे. आज पहाटेपासून पाऊस कोसळतोय. समोरच्या खाचरांत बायका प्लॅस्टिकचे कागद पांघरून लावणीला वाकल्या आहेत. घरात मी एकटी आहे. आज लिहून टाकते.

जावईबापूंना झटका येऊन दहा आठवडे होत आले. रात्री दर दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलायची, सकाळी औषधं, अंग पुसणं, डबा, मग तुझी नोकरी, पोराची दहावी, संध्याकाळी पुन्हा तेच. हे सगळं तू कुठंही कुरकुर न करता लिहिलंस. आणि शेवटच्या पानावर, एखादा गुन्हा कबूल करावा तसं लिहिलंस की तुला प्रार्थना करता येत नाही. गुडघे टेकले की एक तर झोप लागते, नाही तर राग येतो. मंडळीतल्या एक बाई घरी येऊन सांगून गेल्या की देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा पाहतो. तेव्हापासून तू रविवारी उपासनेलाही गेली नाहीस.

बाळी, झोप लागते ना, तर झोप. हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. एलीयाची गोष्ट तुला शब्बाथ शाळेत मीच शिकवली होती. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी पडतो, तो भाग मुलांना आवडतो, म्हणून पुढचा आम्ही भरभर उरकायचो. आता तो पुढचा वाच, राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. एवढा मोठा संदेष्टा जिवाला कंटाळून रानात एका झुडपाखाली आडवा झाला आणि देवाजवळ मरण मागू लागला. देवानं त्याला उपदेश केला नाही. दूत आला, त्यानं हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाणी होतं. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. दूत पुन्हा आला, पुन्हा त्याला जेवायला उठवलं. देवाचं त्याच्याशी बोलणं झालं ते त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. थकलेल्या माणसाला देव आधी झोपू देतो आणि खाऊ घालतो, हे शास्त्रात इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना आपण एकमेकांच्या घरी जाऊन परीक्षेच्या गोष्टी सांगतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझ्या पणजीला तू पाहिलं नाहीस. माझी आजी. ती गुजरातच्या दुष्काळातली पोर. १९०० साली तिला केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणलं तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. गावाचं नाव, आईबापाचं नाव, काही तिला सांगता येत नव्हतं. कुणीतरी झाडाची साल उकळत होतं, एवढंच आठवायचं. तिची एक सवय घरात सगळ्यांना ठाऊक होती. रात्री निजताना अर्धी भाकर फडक्यात गुंडाळून उशीखाली ठेवायची. सत्तरी आली, मुलं कमावती झाली, घरात धान्याला तोटा नव्हता, पण ती भाकर कधी चुकली नाही. सकाळी तीच दुधात कुस्करून खायची. मी दहा-अकरा वर्षांची असताना तिला विचारलं, "आजी, तुझा प्रभूवर विश्वास आहे ना, मग भाकर कशाला लपवून ठेवतेस?" ती म्हणाली, "विश्वास आहे म्हणून तर अर्धीच ठेवते."

हे उत्तर मला कितीतरी वर्षांनी उमगलं. उपासमारीतून वाचलेल्या माणसाची भीती पुरती जात नाही. आजीची अर्धी भीती शेवटपर्यंत तिच्या उशीखाली होती. उरलेली अर्धी तिनं प्रभूच्या हवाली केली होती. तिच्या विश्वासाला मी कमी म्हणणार नाही. तुझ्या विश्वासालाही म्हणणार नाही.

मुक्ती मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंना आजी नुसतं "बाई" म्हणायची. बाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून अगदी जवळ जाऊन बोलावं लागायचं, आणि जवळ गेलं की त्या पाठीवर हात ठेवायच्या, असं ती सांगे. रमाबाईंचं नाव आपण शाळेत घेतो ते विदुषी म्हणून, समाजसुधारक म्हणून. मला त्या आठवतात त्या सगळं गमावलेली बाई म्हणून. ऐन तारुण्यात दुष्काळानं त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतरानं नेली. उरलेला एकटा भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावींशी लग्न झालं, आणि दोन वर्षंही पुरी व्हायच्या आत, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीनं नवरा गेला. लेक मनोरमा तेव्हा एक वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि इकडे केवढा गदारोळ झाला ते तुला माहीत आहे.

तुला सांगायचं ते पुढचं आहे. बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांच्या जिवाला लगेच शांती मिळाली नाही. धर्म आपल्याला सापडला, पण ख्रिस्त अजून सापडला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. मन निवांत व्हायला जवळजवळ आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत त्या हात बांधून बसल्या नव्हत्या. अमेरिकेत गेल्या, पुस्तक लिहिलं, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. शांती नंतर आली, काम आधी सुरू झालं. तुझ्या हातून दहा आठवडे जे होतं आहे ते काम आहे, बाळी. ज्या हातांनी तू रात्री दोन वाजता जावईबापूंची कूस बदलतेस त्या हातांची प्रार्थना चालूच आहे, तू डोळे मिटलेस की नाहीस हा प्रश्न वेगळा.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या अन्नान्न झालेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती उभं राहिलं ते त्यातून. १९०० सालापर्यंत तिथं पंधराशेच्या आसपास माणसं होती. त्यातली एक तुझी पणजी. ज्या रमाबाईंनी स्वतःच्या आईला भुकेनं मरताना पाहिलं, त्यांनी पुढच्या दुष्काळात दुसऱ्यांच्या लेकी उचलून आणल्या. "का नेलंस?" याचं उत्तर देवानं रमाबाईंना दिल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. त्यांना सोबत मिळाली, आणि त्या पंधराशे जणींची सोबत झाल्या.

आजी मोठी झाल्यावर मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं पवित्र शास्त्र उतरवलं. ते छापलं मुक्तीतच, आणि खिळे जुळवायच्या मुक्तीतल्या बायकाच. मनोरमाबाई १९२१ च्या जुलैत गेल्या, एकुलती एक लेक. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मधल्या त्या महिन्यांतही त्यांनी भाषांतराचं काम सोडलं नव्हतं. पुस्तक पुरं होऊन बाहेर पडलं ते १९२४ मध्ये. त्याची एक प्रत आजीला मिळाली. आजीकडून ती माझ्या वडिलांकडे आली, आणि तुझ्या बाबांनी "ताई, तू नेमानं वाचतेस, तुझ्याकडे राहू दे" म्हणून मला दिली.

खिळे उलटे असतात आणि छापल्यावर सुलटे होतात, तसं आजचं दुःखही पुढं सुलटं वाचता येईल, असं दृष्टान्त देणाऱ्याला सहज सुचेल. मी तुला तसं सांगणार नाही. आजीनं आयुष्यभर खिळे हाताळले, पण तिच्या तोंडून हा दृष्टान्त मी कधी ऐकला नाही. काही पानं उलटीच राहतात हे तिला माहीत होतं. तिच्या आईबापाची नावं तिला कधीच वाचता आली नाहीत.

आता त्या पुस्तकाचं जे झालं ते सांगते. हे मी तुझ्या बाबांनाही नीट सांगितलेलं नाही.

२६ जुलै २००५. त्या वेळी आम्ही नदीच्या जास्तच जवळ राहायचो. दुपारपासून उल्हास चढत होती. संध्याकाळी पाणी ओट्याला लागलं आणि दिवे गेल्यावर तासाभरात घरात शिरलं. आम्ही शेजाऱ्यांच्या माडीवर रात्र काढली. पाणी उतरल्यावर घरात वीतभर चिखल होता, आणि त्या चिखलाला सडलेल्या गवताचा आणि रॉकेलचा वास होता. पवित्र शास्त्र लाकडी पेटीत होतं. पेटी फुगून उघडेना, तेव्हा यांनी, तुझ्या काकांनी, कोयत्यानं झाकण उचकटलं. पुस्तक विटेसारखं जड झालं होतं. पानं एकमेकांना चिकटली होती आणि कडेनं तांबड्या मातीची रेघ उमटली होती. मी ते चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि भांडी घासायला घेतली. पुस्तकासाठी रडायला त्या दिवशी कुणाला सवड होती?

तुझे काका लगेच कामावर गेले. घाटात दरडी आल्या होत्या, गाड्या बंद होत्या. ते पॉइंट्समन, दिवसाचे बारा-बारा तास गुडघाभर पाण्यात होते. आठ-दहा दिवसांनी ताप आला. साधा ताप समजून गोळ्या घेतल्या. डोळे पिवळे झाले तेव्हा दवाखान्यात नेलं. लेप्टो निघाला. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ते गेले. पंचावन्न वर्षांचे होते.

माती झाल्यावर लोक येत राहिले. देवाची इच्छा, म्हणाले. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, म्हणाले. परीक्षाही आलीच. मला वाटायचं, हा देव मला नको. मी शास्त्र उघडलं नाही, प्रार्थना केली नाही. तुला जे लिहायला लाज वाटली ते सगळं मी केलेलं आहे.

पण ते पुस्तक फळीवर होतं. महिनाभरानं काढलं तेव्हा त्याला बुरशी धरायला लागली होती. आजीची वस्तू माझ्या हातून जाणार, या एकाच विचारानं मी ते खाली घेतलं. राख चाळून फडक्यात बांधली आणि ती पुरचुंडी पानांवर दाबत बसले, म्हणजे ओल निघते. मग पातळ सुरीनं एकेक पान सोडवायचं, खाली वर्तमानपत्राचा तुकडा घालायचा आणि पुढच्या पानाकडे जायचं. दिवसाला पंधरा-वीस पानं व्हायची. मला वाचायचं नव्हतं, पानं सुटी करायची होती. पण पान डोळ्यांसमोर इतका वेळ राहिलं की वाचलं जातंच.

स्तोत्रसंहितेची पानं सगळ्यांत वाईट चिकटली होती. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रावर अलीकडच्या पानाचा पोपडा बसला होता, तो नखानं सोडवायला अख्खी दुपार गेली. बाळी, ते स्तोत्र तू वाचलं आहेस का? मंडळीत ते सहसा वाचत नाहीत. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं रडत सुरू होतात आणि शेवटी कुठंतरी आशेवर येतात. हे येत नाही. सुरुवात तक्रारीनं, मध्ये तक्रार, आणि शेवट अंधारात. माझे आप्तसोबती तूच दूर नेलेस, असं तो माणूस देवाला तोंडावर म्हणतो आणि तिथंच स्तोत्र संपतं. मी सुरी खाली ठेवली. मला वाटलं, हे कुणीतरी माझंच लिहिलंय. आणि हे पवित्र शास्त्रात आहे. ज्यांनी हा ग्रंथ जपला त्यांनी हे पान काढून टाकलं नाही. रमाबाईंनी त्याचं मराठी केलं, आणि केडगावच्या एका दुष्काळी पोरीनं त्याचा एकेक खिळा जुळवला असेल. एवढा राग देवाला चालतो, तर माझाही चालेल. त्या दुपारी मी महिन्याभरानंतर पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. भांडलेच. पण भांडण ज्याच्याशी करतो तो समोर आहे असं धरूनच करतो ना?

तेव्हा तुझ्या रागाबद्दल मला काही म्हणायचं नाही. तो घेऊनच गुडघे टेक. शब्द नसतील तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाच, ते तुझ्यासाठीच ठेवलेलं आहे.

आणि योहानाचा अकरावा अध्यायही वाच. लाजार मेल्यावर चौथ्या दिवशी येशू पोचला. मार्था त्याला सामोरी गेली आणि म्हणाली की तू वेळेवर आला असतास तर माझा भाऊ मेला नसता. मरीयाही तेच म्हणाली. दोघींनाही त्यानं दटावलं नाही. पुढच्या घटकेला लाजाराला उठवायचं हे त्याला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला. कसा रडला, का रडला, यावर पंडितांनी पुष्कळ लिहिलंय. मला एवढंच पुरतं की रडणाऱ्या बायकांमध्ये तो कोरड्या डोळ्यांनी उभा राहू शकला नाही. गेथशेमानेत त्यालाही सोबत हवी होती. पेत्राला, याकोबाला आणि योहानाला त्यानं जवळ जागत बसायला सांगितलं, आणि ते झोपले. देवाच्या पुत्राला जर कुणी तरी जवळ असावं असं वाटलं, तर तुला रात्री अडीच वाजता एकटं वाटतं यात अविश्वास कसला?

सोबत म्हणजे काय, हे मी शिकले ते एका कातकरी बाईकडून. पावसाळ्यात ती माझ्याकडे शेवळं घेऊन यायची, नंतर टाकळा, भारंगी, कधी मुठे. तुझे काका गेल्यावर दहा-बारा दिवसांनी आली. टोपली उतरवली, माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि दारातच बसली. काही बोलली नाही. मीही बोलले नाही. तासभर बसली असेल. मग टोपलीतली भाजी स्वतःच निवडून दिली आणि "येतो बाय" म्हणून गेली. पैसे घेतले नाहीत. पुढं चार आठवडे ती तशीच यायची आणि बसायची. तिचा देव डोंगरावरचा, माझा प्रभू येशू. पण त्या दिवसांत प्रभूनं माझ्या दाराशी कुणाला पाठवलं असं मला विचारलंस, तर मी तिचंच नाव घेईन. इयोबाचे मित्रही पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. त्यांच्या हातून घडलेली तेवढीच एक चांगली गोष्ट. तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं.

हे मी पुढं खालापूरकडे पाळलं. माझी अंगणवाडीतली बावीस वर्षं चौक भागातल्या वाड्यांवर गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाची दरड इर्शाळवाडीवर आली. सत्तावीस जणांचे देह मिळाले, सत्तावन्न जण सापडलेच नाहीत. वाचलेली कुटुंबं चौकजवळ कंटेनरच्या घरांत आली तेव्हा मी गेले, माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आता त्या भागात आया झाल्या आहेत म्हणून. जाताना आमच्यातल्या एकानं मला सांगितलं, थोडी पत्रकं ने, अशा वेळी माणसाचं मन मऊ असतं. मी नेली नाहीत. मन मऊ नसतं, फाटलेलं असतं, आणि फाटलेल्या मनात हात घालून आपलं काही पेरू नये. भुकेल्याला खाऊ घालताना प्रभूनं आधी त्याचा विश्वास तपासला, असं शुभवर्तमानात कुठं आहे? मी तिथं एका म्हातारीजवळ बसले. तिनं तिच्या नातवंडांची नावं सांगितली, एकेक करून, बोटं मोडत. मी ऐकली. संध्याकाळी घरी येऊन ती नावं प्रार्थनेत घेतली. अजून घेते. येत्या १९ तारखेला दोन वर्षं होतील.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुझ्या कपाटात आहे, मीच दिलं होतं लग्नात. जमेल तेव्हा चार पानं वाच. १८९५ मध्ये त्यांच्या यजमानांनी, टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला आणि पुढची काही वर्षं त्या बाईनं नवऱ्यावाचून, लोकांची बोलणी ऐकत काढली. विश्वास तिला आयता मिळाला नव्हता. तिनं तो पारखून, भांडून, हसून घेतला. १९१९ मध्ये टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' तिनंच पुढं नेलं. तुझं हसू परत येईल तेव्हा तिची आठवण ठेव, सध्या घाई नाही.

आणखी एक सांगते, मग पुरे. तुझे काका कर्जत यार्डात काय करायचे हे तुला लहानपणी फार बघायचं असायचं. पुण्याकडे जाणारी गाडी आली की मागून बँकर लावायचे. घाटाचा चढ एकास सदतीस, पुढचं इंजिन एकट्यानं गाडी ओढू शकत नाही, म्हणून मागून दोन-तीन इंजिनं ढकलतात. गाडी उभी असते, माणसं वडापाव घेत असतात, आणि एक बारीकसा धक्का बसतो. तो कपलिंग जोडल्याचा. पुढच्या डब्यातल्या माणसाला ती इंजिनं दिसत नाहीत. काका म्हणायचे, "लोकांना वाटतं, पुढचाच गाडी नेतोय. लोणावळ्याला आम्ही सुटतो तेही त्यांना कळत नाही." हाच घाट बांधायला १८५९ मध्ये आलेला कंत्राटदार ट्रेडवेल काही आठवड्यांतच मेला, आणि त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, ते काम १८६३ मध्ये पुरं करवून घेतलं, हे ते नव्या पोरांना मोठ्या अभिमानानं सांगायचे. हजारो मजूरही त्या बोगद्यांपायी मेले, त्यांची नावं कुठं नाहीत, हेही सांगायचे.

काका गेल्यावर वर्षभर मला बँकरचा आवाज सहन व्हायचा नाही. आता रात्री जाग आली आणि पळसदरीच्या बाजूनं तो घरघराट ऐकू आला की बरं वाटतं. मागे वळून पाहिलं तर त्या वर्षी मला ढकलणारे हात मला दिसलेच नव्हते. शेजाऱ्यांनी तीन आठवडे आमच्या घरचं पाणी भरलं. कुणी मुलाच्या अनुकंपा नोकरीचे कागद घेऊन हेलपाटे घातले. लोणावळ्याच्या एक पाळकबाई दर गुरुवारी यायच्या आणि उपदेश न करता माझ्याबरोबर तांदूळ निवडत बसायच्या. मी चढत होते, मला वाटत होतं मीच चढते आहे.

प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती आजच्यापुरती. महिन्याची नाही, वर्षाची नाही. जावईबापू पुन्हा चालतील का, पोराची दहावी कशी होईल, कर्ज कसं फिटेल, हे आज मागू नकोस, तेवढं बळ आज मिळणारही नाही. आज रात्रीची कूस बदलण्यापुरतं माग. उद्या उद्याचं. तेवढंही तोंडातून निघालं नाही तर सध्या मी तुझ्या वतीनं मागते आहे, रोज पहाटे, तुमच्या तिघांची नावं घेऊन. तू त्याची काळजी करू नकोस. आणि त्या बाईंवर फार राग धरू नकोस. त्यांना दुसरं काही बोलता आलं नसेल. पुन्हा आल्या तर सरळ सांग, "काकू, बोलू नका, तासभर यांच्याजवळ बसा, मी डोळा लावते." बसतील बघ.

मी येत्या शुक्रवारी, १८ तारखेला, सिंहगड एक्सप्रेसनं निघते. चिंचवडला उतरेन. पोराला स्टेशनवर पाठवू नकोस, त्याचा अभ्यास बुडेल, मी रिक्षा करीन. तांदळाचं पीठ आणि सुके बोंबील आणते आहे. आजीचं पवित्र शास्त्रही आणते, त्यातून जावईबापूंना रोज थोडं वाचून दाखवू. बोलता येत नसलं तरी ऐकू येतं त्यांना. महिनाभर राहीन.

पहिल्या रात्री मी जागते. तू जेव आणि झोप.

तुझी,
आत्या